कारखान्यातील विषाचा हिशेब : सरकारला कळवावाच लागतो, आपणही मागू शकतो

घरातला माणूस कंपनीतून आला की आपण विचारतो, हजेरी लागली का, ओव्हरटाइम मिळाला का, ठेकेदाराने पैसे दिले का. आज तू कुठल्या ड्रममधून काय ओतलेस, त्या ड्रमवर काय लिहिले होते, हे मात्र आपण विचारत नाही. कधी विचारलेच तर उत्तर मिळते, ‘केमिकल होते.’

केमिकल हे काही नाव नाही. ‘गोळी खाल्ली’ म्हटल्यावर डॉक्टरला काही कळत नाही, तसेच ‘केमिकल अंगावर पडले’ म्हटल्यावरही काही कळत नाही. मी परिचारिका म्हणून बरीच वर्षे वॉर्डात काढली. भाजलेला, धाप लागलेला कामगार रिक्षातून उतरवायचे आणि सोबत आलेला मुकादम नाव न सांगताच निघून जायचा. मग पुढचा तास आम्ही त्या माणसाच्या कपड्यांचा वास घेऊन अंदाज बांधायचो. त्या तासाची किंमत रुग्ण मोजतो.

जळगावची एमआयडीसी, धुळ्याचे अवधान, नरडाणा, शिरपूरचा परिसर, या सगळ्या ठिकाणी आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली कामाला जातात. बहुतेक ठेकेदाराकडे. कोणी कामाला जात नसले तरी वस्ती कारखान्याच्या भिंतीला लागून आहे, किंवा टँकर जातो त्या महामार्गाच्या कडेला आहे. म्हणून हा लेख. कारखान्यात कोणते विषारी रसायन किती आहे, हे मालकाने सरकारला कळवायचे असते. अपघात झाला तर तोही कळवायचा असतो. आणि शेजारी राहणाऱ्या लोकांनाही सांगायचे असते. हे सर्व कायद्यात लिहिलेले आहे. ते काय आहे आणि आपण ते कसे मागायचे, ते पाहू.

आपल्याच खान्देशातली उदाहरणे

३१ ऑगस्ट २०१९, शनिवार. सकाळी पावणेदहाच्या सुमारास शिरपूर तालुक्यातील वाघाडी गावाजवळ रूमित केमसिंथ या रसायन कारखान्यात स्फोट झाला. किमान १३ माणसे गेली, पन्नासहून अधिक जखमी झाली. धुळे जिल्ह्यात त्या दिवशी ज्यांच्या घरातले कोणी शिरपूरकडे कामाला होते, त्यांनी तो दिवस कसा काढला, हे त्यांनाच माहीत.

एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यात चिपलीपाडा येथे, वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवण्याच्या ठिकाणी आग लागली. ४ महिला मृत्युमुखी पडल्या. एप्रिल २०२४ मध्ये जळगाव एमआयडीसीत मोरया ग्लोबल या कंपनीत स्फोट होऊन आग लागली, कामगार होरपळले.

एक मोठा रसायन कारखाना, एक मेणबत्तीची शेड, एक एमआयडीसीतली कंपनी. तिन्हींची कारणे वेगळी असतील, ती ठरवणे तपास यंत्रणेचे काम. पण अशा प्रत्येक वेळी दवाखान्याच्या दारात आणि गावाच्या पारावर एकच प्रश्न विचारला जातो : आत नेमके होते काय? त्या प्रश्नाचे उत्तर आगीच्या आधीच कागदावर तयार असले पाहिजे.

नाव कळले तर काय फरक पडतो?

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली तर काय करायचे, हे खान्देशात सगळ्यांना माहीत आहे. माणसासोबत औषधाचा डबा घेऊन दवाखान्यात जायचे. डब्यावर नाव असते, लाल, पिवळ्या, निळ्या किंवा हिरव्या रंगाची खूण असते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातले औषध असेल तर डॉक्टर ॲट्रोपिन सुरू करतात. डबा नसेल तर वेळ जातो.

कारखान्यातल्या रसायनाचेही तसेच आहे. साध्या ॲसिडने भाजले तर भरपूर पाण्याने धुणे हा पहिला उपचार. पण हायड्रोफ्लोरिक ॲसिड असेल तर नुसत्या पाण्याने भागत नाही, ते आत हाडापर्यंत जाते, शरीरातले कॅल्शियम ओढून घेते आणि त्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट लागते. सायनाइडवर वेगळा उतारा असतो. काही वायू असे असतात की माणूस सुरुवातीला थोडा खोकतो, बरा वाटतो, घरी जाऊन झोपतो, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, त्याच्या फुप्फुसात पाणी भरते. नाव माहीत असते तर त्याला घरी सोडलेच नसते.

म्हणून रसायनाचे नाव हा उपचाराचाच भाग आहे. ते लपवणे म्हणजे रुग्णाचे औषध लपवणे.

कायदा कसा आला?

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला. हजारो माणसे मेली. कारखान्याच्या भिंतीबाहेर गरिबांच्या झोपड्या होत्या. आत काय साठवले आहे, भोंगा वाजला तर कोणत्या दिशेला पळायचे, ओले फडके तोंडावर धरायचे की नाही, हे त्या लोकांना कोणीही सांगितलेले नव्हते. डॉक्टरांनाही वायूची नीट माहिती मिळाली नाही.

वर्षभरात, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत श्रीराम कंपनीतून ओलियम वायू गळला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये सांगितले की जो धोकादायक धंदा चालवतो, त्याला ‘माझी चूक नव्हती’ असे म्हणून सुटता येणार नाही. नुकसान झाले तर भरपाई त्यानेच द्यायची.

याच काळात कायदे झाले. १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आला. १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांबद्दल नवे प्रकरण घातले गेले. त्या अधिनियमाच्या कलम ४१ ब नुसार मालकाने धोक्याची माहिती कामगारांना, कारखाने निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आजूबाजूच्या जनतेलाही देणे सक्तीचे झाले. १९८९ साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात नियम आले आणि १९९६ साली रासायनिक अपघातांसाठीचे नियम आले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. मालकाने माहिती उघड करण्याची सक्ती या संहितेतही आहे. १९८९ आणि १९९६ चे नियम पर्यावरण कायद्याखाली आहेत, त्यामुळे कामगार कायदा बदलला म्हणून ते संपत नाहीत.

भोपाळचा धडा अमेरिकेनेही घेतला. ऑगस्ट १९८५ मध्ये त्याच कंपनीच्या तिथल्या कारखान्यातून वायू गळला आणि १९८६ साली तिथे कायदा झाला. आपण वर्षभरात हवेत, पाण्यात आणि जमिनीत किती विष सोडले, याचा आकडा कारखान्याने दरवर्षी सरकारला द्यायचा आणि सरकारने तो सर्वांसाठी खुला करायचा. कोणत्याही गावातला माणूस आपल्या शेजारच्या कारखान्याचे आकडे बघू शकतो. आपल्याकडे अशी एकत्र, सर्वांना सहज दिसणारी यादी नाही. आपली माहिती वेगवेगळ्या कार्यालयांच्या फायलींत विखुरलेली आहे. ती मागावी लागते.

मालकाने काय काय कळवायचे असते?

१९८९ च्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात ६८४ घातक रसायनांची नावे आहेत. त्याशिवाय कोणते रसायन किती टन झाले की नियम कडक होतात, याचे वेगळे कोष्टक आहे. सोप्या भाषेत त्यातली मुख्य बंधने अशी :

१. काम सुरू करण्याआधी : ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असणाऱ्या कारखान्याने किमान ३ महिने आधी जागेची आणि रसायनांची माहिती लेखी देऊन मान्यता घ्यायची.

२. सुरक्षा अहवाल : साठा आणखी मोठा असेल तर काय घडू शकते, किती लांबपर्यंत परिणाम होईल, रोखण्यासाठी काय केले आहे, याचा अहवाल द्यायचा.

३. कारखान्याच्या आतला आपत्कालीन आराखडा : तो मालकाने करायचा आणि दर ६ महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यायची.

४. कारखान्याच्या बाहेरचा आराखडा : म्हणजे आपल्या वस्तीसाठीचा. तो जिल्हा प्रशासनाने करायचा, त्यासाठी लागणारी माहिती मालकाने पुरवायची. वर्षातून किमान एकदा तालीम व्हायला हवी.

५. शेजाऱ्यांना माहिती : मोठा अपघात झाला तर ज्यांना झळ पोहोचेल, त्यांना धोका कसला आहे, काय करायचे आणि काय करायचे नाही, हे मालकाने थेट किंवा जिल्हा प्रशासनामार्फत सांगायचे. हा १९८९ च्या नियमांतला नियम १५ आहे. हा आकडा लक्षात ठेवा.

६. मोठा अपघात झाल्यावर : ४८ तासांच्या आत संबंधित अधिकाऱ्याला लेखी कळवायचे.

७. लेबल आणि माहितीपत्रक : प्रत्येक घातक रसायनाच्या पिंपावर, कॅनवर आत काय आहे ते, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि धोक्याची माहिती हवी. शिवाय त्या रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक कारखान्यात हवे. त्यात रसायनाने काय होते आणि प्रथमोपचार काय, ते लिहिलेले असते.

हे माहितीपत्रक कामगाराने मागायला हवे. फोटो काढून घरी ठेवा. अपघात झाला तर दवाखान्यात तोच कागद आधी दाखवा.

लहान कारखान्यांची पळवाट

आता अडचण कुठे आहे ते बघा. वरचे पहिले ५ मुद्दे ठरावीक टनांच्या वर साठा असेल तरच लागू होतात. क्लोरीनसाठी ही मर्यादा १० टन आहे, सुरक्षा अहवालासाठी २५ टन. अमोनियासाठी ६० टन आणि ६०० टन. भोपाळमध्ये सुटलेल्या मिथाइल आयसोसायनेटसाठी मात्र फक्त दीडशे किलो.

बर्फाचे कारखाने आणि मोठी शीतगृहे थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. पाणी शुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचे सिलिंडर असतात. त्यांचा साठा या मर्यादेच्या खाली असू शकतो. म्हणजे बाहेरच्या वस्तीसाठी आराखडा करण्याचे बंधन त्यांच्यावर येत नाही. पण वायू गळला तर शेजारची गल्ली ‘आम्ही मर्यादेच्या खाली आहोत’ म्हणून वाचत नाही. लेबल, माहितीपत्रक, कामगारांचे प्रशिक्षण आणि साधने देण्याची जबाबदारी मात्र लहान साठ्यालाही असते. तिथे आपण तेवढे तरी धरून बसायचे.

दुसरी अडचण कामगारांच्या संख्येची. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की कारखाना धरत. नव्या संहितेत तो आकडा २० झाला, विजेशिवाय ४०. पत्र्याच्या शेडमध्ये १२-१५ बायाबापड्या पावडर भरत असतील तर ती शेड कारखाना ठरत नाही. सरकारने जीवघेणे किंवा धोक्याचे काम म्हणून अधिसूचित केले तर एक कामगार असला तरी संहिता लावता येते. म्हणून अशा शेडबद्दल तक्रार करताना ‘इथे रोज १५ जणी आहेत’ एवढे लिहू नका. ‘इथे पेट घेणारी पावडर, ॲसिड, सॉल्व्हंट हाताळले जाते’ हे लिहा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ४८ वर आले. कामगाराला संरक्षण कायद्याने मिळते, मालकाच्या मर्जीने नाही, हे तेव्हाही खरे होते आणि शेडमधल्या बाईसाठी आजही खरे आहे.

गेटवरचा फलक

१४ ऑक्टोबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घातक कचऱ्याच्या खटल्यात एक साधा, आपल्या उपयोगाचा आदेश दिला. असे कारखाने मुख्य गेटच्या बाहेर फलक लावतील. त्यावर आत कोणती घातक रसायने किती वापरली जातात, किती सांडपाणी निघते, हवेत काय जाते आणि किती घातक घनकचरा तयार होतो, हे लिहिलेले असेल.

हा फलक वाचण्यासाठी अर्ज लागत नाही, फी लागत नाही. कंपनीसमोरून जाताना थांबा आणि बघा. फलक आहे का? आकडे भरलेले आहेत का, की चौकटी रिकाम्या आहेत? तारीख कधीची? गेटच्या बाहेर आहे की आत, जिथे आपल्याला दिसणार नाही? रस्त्यावरून फोटो काढा. फलक नसेल किंवा कोरा असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय जळगावला आहे. तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका.

कलेक्टरच्या समितीत आपली खुर्ची

१९९६ च्या नियमांनुसार जिल्ह्यात रासायनिक अपघातांसाठी जिल्हा संकट गट असतो. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात आणि त्याची बैठक ४५ दिवसांतून एकदा व्हायला हवी. औद्योगिक भागासाठी स्थानिक संकट गट असतो. त्याची बैठक दर महिन्याला आणि तालीम दर ६ महिन्यांनी.

या स्थानिक गटात कोण बसते ते नीट वाचा. प्रांत किंवा नेमलेला अधिकारी, कारखाने निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचे प्रमुख, गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी, कारखान्यांचे व वाहतूकदारांचे प्रतिनिधी, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक. आणि त्यांच्याबरोबर जवळच्या गावचा सरपंच किंवा लोकांचा पुढारी, एका स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, दोन डॉक्टर आणि दोन सामाजिक कार्यकर्ते.

या शेवटच्या जागांवर आपल्या वस्तीतले कोणी आहे का? महिला मंडळ, विहार समिती, बचत गट, कामगार संघटना यांनी ठराव करून अध्यक्षांकडे नाव पाठवावे. शक्यतो जी बाई वस्तीतच राहते आणि जिच्या घरातले कोणी कंपनीत जाते, तिचे नाव द्या. भोंगा आपल्या गल्लीत ऐकू येतो की नाही, हे तिच्याइतके कोण सांगणार?

याच नियमांनुसार या गटांनी मागणी केल्यावर लोकांना माहिती द्यायची असते.

डॉक्टरांनीही कळवायचे असते

विष एकदम स्फोट होऊनच येते असे नाही. थोडे थोडे करून दहा वर्षांतही येते. जिनिंग आणि सूतगिरणीत कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस घ्या. सुरुवातीला आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे रोजच. शिशाची विषबाधा, क्रोममुळे नाकाच्या पडद्याला पडणारे छिद्र, बेंझिनमुळे रक्तावर होणारा परिणाम, दगडाच्या धुळीचा सिलिकोसिस, हे सगळे कायद्याच्या यादीत आहेत. यादीत २९ आजार आहेत. असा रुग्ण डॉक्टरांकडे आला तर त्यांनी सरकारी यंत्रणेला कळवायचे असते. कारखाने अधिनियमात हे कलम ८९ होते, नव्या संहितेतही ते आहे.

प्रत्यक्षात केसपेपरवर काय लिहिले जाते? ‘जुनाट खोकला’, ‘दमा’, ‘विडीचे व्यसन’. कारण डॉक्टर कामाबद्दल विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही. म्हणून प्रत्येक वेळी स्वतःहून सांगा : मी अमुक खात्यात इतकी वर्षे काम करतो, ही धूळ, हे रसायन. आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. नुकसानभरपाईच्या वेळी हाच कागद बोलतो.

धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराची कामावर घेण्याआधी आणि नंतर दर १२ महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी मालकाने करायची असते. आपली आरोग्य नोंद बघण्याचा हक्क कामगाराला आहे. रक्त काढून नेले आणि रिपोर्ट दाखवलाच नाही, असे चालू देऊ नका.

माहितीचा अर्ज असा लिहा

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आपल्याला परिचयाचा आहे. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडून फी माफ. उत्तर ३० दिवसांत. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांपर्यंत मजकूर चालतो, म्हणून प्रत्येक कार्यालयाला वेगळा अर्ज करा.

जिल्हाधिकारी कार्यालयाला : ‘आमच्या तालुक्यातील मोठ्या अपघाताची शक्यता असलेल्या कारखान्यांची यादी व त्यांतील घातक रसायनांची नावे, जिल्ह्याच्या बाहेरील आपत्कालीन आराखड्यातील नागरिकांसाठीच्या सूचना, मागील तालमीची तारीख व अहवाल, तसेच स्थानिक संकट गटाच्या सदस्यांची यादी व मागील तीन बैठकींची इतिवृत्ते यांच्या प्रती मिळाव्यात.’

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला : ‘अमुक कारखान्याने १९८९ च्या नियम १५ नुसार आजूबाजूच्या रहिवाशांना दिलेल्या माहितीची प्रत व मागील तीन वर्षांतील अपघातांच्या सूचना मिळाव्यात.’

प्रदूषण नियंत्रण मंडळाला : ‘अमुक कारखान्याचे चालू संमतिपत्र, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यावयाचे पर्यावरण विवरण आणि ३० जूनपर्यंत द्यावयाचे घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण यांच्या प्रती मिळाव्यात.’

‘हे कंपनीचे व्यापारी गुपित आहे’ असे उत्तर येऊ शकते. तेव्हा ३० दिवसांत पहिले अपील करा आणि लिहा की व्यापक जनहित असेल तर अशी माहिती देता येते, असे याच कायद्यात आहे. आम्ही माल बनवण्याची कृती मागत नाही, आमच्या जिवाला धोका कशाचा ते विचारतो.

अपघातात कामगार नसलेल्या शेजाऱ्याला इजा झाली किंवा त्याचे नुकसान झाले तर सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे मदतीसाठी अर्ज करता येतो. चूक कोणाची हे आपण सिद्ध करावे लागत नाही. मुदत ५ वर्षांची आहे. कामगारांसाठी ईएसआय आणि कामगार भरपाईचा मार्ग वेगळा आहे.

रस्त्यावरचा टँकर

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात भेटतात. जळगावही सुरत–नागपूर मार्गावरच. घातक रसायन नेणाऱ्या टँकरवर माहितीची चौकट रंगवलेली असावी लागते. त्यात रसायनाचे नाव, चार आकडी यूएन क्रमांक, धोक्याचे चित्र आणि आपत्कालीन फोन नंबर असतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १२०३ पेट्रोल, १८३० गंधकाचे ॲसिड.

टँकर उलटला तर जवळ जाऊ नका. सांडलेले भरायला कॅन घेऊन तर मुळीच धावू नका. लांबूनच आकडा वाचा आणि ११२ किंवा १०१ ला तो आकडा सांगा.

वायू सुटला तर

- वारा कुठून येतो ते बघा. धुराच्या किंवा वासाच्या आडव्या दिशेने बाजूला व्हा, मग वारा येतो त्या दिशेला जा.
- क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. खड्डा, नाला, तळघर टाळा, उंचावर जा. लहान मुलांना कडेवर घ्या.
- ओले फडके नाका-तोंडावर धरा. बाहेर पडता येत नसेल तर दारे-खिडक्या बंद करून फटींत ओले कपडे भरा, पंखा आणि कूलर बंद करा.
- डोळ्यांत किंवा अंगावर उडाले तर कपडे काढा आणि वाहत्या पाण्याने किमान १५-२० मिनिटे धुवा. हळद, टूथपेस्ट, तेल लावू नका.
- पोटात गेले असेल तर उलटी करवू नका.
- १०८ ला फोन करा. लेबलचा किंवा माहितीपत्रकाचा फोटो सोबत न्या. वायू हुंगलेला माणूस बरा वाटला तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरी आणू नका.

आणि एक रोजची गोष्ट. पाणी भरायला कंपनीतले निळे ड्रम स्वस्तात मिळतात म्हणून आपण आणतो. लेबल खरवडून काढलेले असते. आत काय होते ते विकणाराही सांगत नाही. प्लास्टिक रसायन शोषून घेते, ते साबणाने जात नाही. असा ड्रम पिण्याच्या पाण्याला किंवा धान्याला वापरू नका. भंगाराचे काम करणाऱ्या भावांनी बंद ड्रम गॅस कटरने कापू नये, आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

या महिन्यात एवढे करा

पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा एका वहीत तीन रकाने आखा. वस्तीतले कोण कुठल्या कंपनीत जाते, तिथल्या ड्रमवर कोणते नाव आहे, गेटवर फलक आहे की नाही. शाळेत शिकणाऱ्या मुलीला लिहायला बसवा, ती इंग्रजी नावे वाचून दाखवील. ज्यांना नाव माहीत नाही त्यांनी पुढच्या पाळीला लेबलचा फोटो आणावा, मोबाइल आत नेऊ देत नसतील तर कागदावर उतरवून आणावे. ही यादी विहाराच्या फलकावर आणि आशाताईकडे एकेक प्रत ठेवा. मग वरच्या तीनपैकी एक अर्ज, दहा जणांच्या वतीने एकाच्या सहीने, टाका आणि पोच त्याच वहीत चिकटवा. तीस दिवस मोजायला लगेच सुरुवात करा.